घोंगडीचा काळा, कागदाचा काळा

पत्र : मी वाईला शाळेत चित्रकला शिकवायचे, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाआधी परतणारे धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरणारे तांडे) यांचे फोटो २०११ पासून काढते आहे. सगळे कृष्णधवल. येत्या फेब्रुवारीत कोल्हापूरला शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात तीस फोटो लावायचं ठरवलंय. लाखभर रुपये बाजूला ठेवलेत. मुलगा म्हणतो, इंक टँकवाला ए-थ्री प्रिंटर घे, स्वस्तात पडेल. लॅबवाला म्हणतो, बारा बाय अठरा ग्लॉसी काढून सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, चिकटवून देतो. ओळखीचे एक फोटोग्राफर म्हणतात, कॉटन कागदाशिवाय प्रदर्शन कसलं? मी कोणता प्रिंटर घेऊ आणि कागद ग्लॉसी की मॅट? घरच्या प्रिंटरवर एक प्रिंट काढून पाहिली, तर घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा म्हणजे नुसता काळा ठिपका झालाय. त्या आजोबांनाही एक फोटो द्यायचा आहे. – एक वाचक, वाई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रिंटर आधी विचारलात आणि घोंगडी शेवटी. मी उलट्या बाजूने सुरू करतो. तुमच्या तीस फोटोंत सगळ्यात कठीण जागा तीच आहे : काळ्या लोकरीची घोंगडी, त्याखाली सावळा हात, मागे बाभळीची सावली. आणि त्याच चौकटीत उन्हात लखलखणारा पांढरा फेटा. हे दोन्ही ज्या कागदावर नीट उतरेल तो तुमचा कागद. कागद ठरला की शाई ठरते, शाई ठरली की प्रिंटर. दुकानात मात्र प्रिंटरपासून सुरुवात करतात, कारण त्यांना प्रिंटर विकायचा असतो.

घोंगडीचा ठिपका का झाला ते आधी पाहू. मला वाटतं यात दोष दोघांचा आहे, कागदाचा आणि तुमच्या स्क्रीनचा. स्क्रीनचं सोपं आहे. आपण रात्री, दिवे मालवून, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून फोटोवर काम करतो. त्या झगमगाटात घोंगडीची वीण दिसते आणि आपण खूश होतो. कागदाला स्वतःचा दिवा नसतो, भिंतीवर पडेल तेवढ्याच उजेडात त्याला दिसायचं असतं. माझ्या पहिल्या प्रदर्शनात हेच झालं. बावीस प्रिंट भिंतीवर चढल्या आणि दालनाचे दिवे लावले, तर अर्ध्या चौकटींत अमावास्या. एक काका जवळ येऊन म्हणाले, "रात्रीचे फोटो आहेत का?" ते फोटो सकाळी नऊचे होते.

प्रिंटसाठी काम करताना स्क्रीनचा उजेड ८० ते १२० कँडेलाच्या (हे उजेडाचं माप) दरम्यान ठेवतात. त्यासाठी स्क्रीनवर टेकवून मोजायचं कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. कुणाकडून दोन दिवस उसनं मिळालं तरी पुरे. तेही नसेल तर एक गावठी युक्ती. खोलीतली ट्यूब लावा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी प्रिंटचा कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत स्क्रीनचा उजेड उतरवत न्या. बहुतेकांचा स्क्रीन निम्म्यावर येतो. मग घोंगडीचा फोटो पुन्हा उघडा. तो ठिपका तिथेही दिसेल, आणि आता तो स्क्रीनवरच उजळता येईल.

आता कागद. तुम्ही चित्रकलेच्या, म्हणून तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर कळेल. मॅट कॉटन कागद म्हणजे साधारण आपल्या हातकागदाच्या वळणाचा, पण वर शाई धरायचा बारीक लेप दिलेला. यात हानेम्यूलेचा ३०८ ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला एवढं वजन) फोटो रॅग सगळ्यांच्या ओळखीचा. ती जर्मन कागद गिरणी १५८४ पासून चालू आहे. हात लावला की सुती कापडासारखा लागतो, कुठूनही पाहा चमक नाही. उणीव एकच, काळा. मॅट कागदावरचा गडदात गडद काळा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला दोनेक टक्के परत फेकतो. म्हणजे तो कोळशाचा काळा आहे, काजळाचा नव्हे. घोंगडीतल्या सात-आठ छटांपैकी खालच्या तीन-चार तिथे एकमेकींत मिसळतात.

दुसरं घराणं बरायटाचं. डार्करूमच्या जमान्यात फोटोच्या कागदावर बेरियम सल्फेटचा थर असायचा, त्यावरून हे नाव. इंकजेटसाठीही तसे कागद निघाले : वरून मंद झाक, ओलसर दगडासारखी, ग्लॉसीसारखी आरशाची चमक नाही. यावरचा काळा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच प्रकाश परत पाठवतो. मॅटच्या चौथ्या हिश्शाने! घोंगडीची वीण, काठाची सुतं, खालचा हात, सगळं सुटं दिसायला जागा मिळते. हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा ३१५ ग्रॅमचा, कॅन्सनचा बरायटा फोटोग्राफिक ३१० ग्रॅमचा. कॅन्सनचाच प्लॅटिन फायबर रॅग त्याच धाटणीचा, पण पूर्ण कॉटनचा आणि उजळकरहित.

उजळक म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन. कपड्यांच्या निळीचा चुलतभाऊ समजा, फक्त हा अतिनील किरणांत चमकतो. काही वर्षांनी त्याचा दम संपतो आणि फेटा पिवळट पडायला लागतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा वाण्याकडे असतो, तो कागदावर मारून पाहा. निळसर पेटला तर उजळक आहे. थोडा असला म्हणून लगेच बाद करू नका, पण विकायच्या प्रिंटसाठी मी तरी बिनउजळकाचाच घेतो.

आणि साधा ग्लॉसी किंवा लस्टर, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद? काळा झकास येतो, स्वस्त असतो. पण कलादालनात तो लग्नाच्या अल्बमची आठवण करून देतो. यात शास्त्र काही नाही, माझी नावड आहे.

मग मॅट की बरायटा? याचं उत्तर फ्रेमला काच लावणार की नाही, यावर आहे. मॅट कॉटनची सगळी श्रीमंती त्याच्या पृष्ठभागात असते आणि काचेआड ती दिसतच नाही. कमकुवत काळा मात्र तसाच राहतो. बिनकाचेचा मॅट भिंतीवर लावला तर त्यासारखं दुसरं काही नाही, पण तो फार हळवा कागद आहे. बोट घासलं तरी काळ्या भागावर पांढरट ओरखडा उठतो आणि तो पुसून जात नाही. तुमच्या प्रदर्शनाला शाळेची मुलं येणार, आलीच पाहिजेत, आणि मेंढरू दिसलं की बोट लावणारच. म्हणजे काच आली. काच आली म्हणजे माझं मत बरायटाकडे. मात्र बरायटावर समोरच्या दिव्याची झाक येते, तेव्हा एक दिवस कोल्हापूरला जाऊन तुम्हाला मिळणाऱ्या भिंतीसमोर सकाळी आणि दिवे लागल्यावर असं दोनदा उभ्या राहा. दिवा कुठून येतो, पिवळा की पांढरा, खिडकी कुठे, एवढंच बघायचं. सोबत दोन्ही कागदांवरची एकेक चाचणीपट्टी न्या.

चाचणीपट्टी म्हणजे संपूर्ण फोटो नव्हे. घोंगडी-हात-फेटा एवढाच भाग कापायचा, प्रदर्शनातल्या आकारातच, आणि ए-फोर कागदावर तो तीनदा छापायचा : एक आहे तसा, एक थोडा उजळ, एक आणखी उजळ. या कागदांचे ए-फोर नमुना-संच मिळतात, त्यात चार-सहा जातींचे कागद येतात. संच आणून हे करा. मग पट्ट्या घरात भिंतीवर टाचून आठवडाभर येता-जाता बघा. पहिल्या दिवशी जी आवडेल ती आठव्या दिवशी आवडेलच असं नाही. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी सगळ्यांना कडक काळा-पांढरा आवडतो, आठवड्याने मधल्या राखाडीकडे लक्ष जातं.

आता शाई, कारण मुलाचा सल्ला इथे अडतो. शाई दोन जातींची. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, दौतीतल्या शाईसारखा. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे रंगकण, तुमच्या जलरंगांसारखे. दौतीतल्या शाईचं जुनं पत्र उन्हात कसं विटतं आणि त्याच काळातलं जलरंगातलं चित्र कसं टिकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय झटपट वाळणाऱ्या सच्छिद्र लेपाच्या कागदावर डायला नुसती हवाही बाधते. हवेतला ओझोन रंग खातो. विकायच्या आणि प्रदर्शनात लावायच्या प्रिंट म्हणूनच पिगमेंटवर काढतात.

एप्सनच्या एल-१८०० सारख्या इंक टँकमध्ये सहा डाय शाया असतात : काळा, निळा, किरमिजी, पिवळा आणि फिका निळा, फिका किरमिजी. राखाडी नाही! तुमच्या फोटोतला राखाडी मग रंगीत थेंब एकत्र करून बनवावा लागतो, आणि त्यात कधी हिरवट तर कधी जांभळट छटा येते. एकेका फोटोत ती खपून जाते. तीस फोटो ओळीने लावले की खपत नाही. नातवंडांचे फोटो, वाढदिवस, शाळेचे तक्ते यासाठी मुलाचा प्रिंटर उत्तम आहे, वाद नको.

लॅबची गोष्ट थोडी तशीच. तिथली प्रिंट बहुधा इंकजेट नसते. प्रकाश आणि रसायनाने रंगीत फोटोच्या कागदावर उमटवलेली असते. वाईट नसते. पण त्या कागदात काळाही तीन रंगांतूनच बनतो, त्यामुळे रसायन ताजं की शिळं याप्रमाणे राखाडीची छटा सरकते. आणि सनबोर्ड पाच दिवसांपुरता ठीक. मी एकदा सनबोर्डवर चिकटवलेल्या प्रिंट प्रदर्शनानंतर घरी तशाच ठेवल्या. एका पावसाळ्यात कडा उचलल्या, मध्ये पापडासारखे फुगे आले, आणि सोडवायला जावं तर प्रिंट फाटते. बारा प्रिंट गेल्या.

म्हणजे पिगमेंट शाईचा, वेगवेगळ्या राखाडी शाया असलेला प्रिंटर. घरगुती आकारात नावं मोजकीच. एप्सनचा शुअरकलर पी-७०० तेरा इंच रुंद कागद घेतो, पी-९०० सतरा इंच. दोन्हींत दहा शाया, त्यात दोन राखाडी. कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० तेरा इंची, त्यातही दहा शाया, पण राखाडी एकच. प्रो-१००० सतरा इंची, बारा शाया, राखाडी दोन. रंगीत फोटोंसाठी मी प्रो-३०० ला नाही म्हणणार नाही. फक्त कृष्णधवल करणाऱ्याने पी-७०० कडे आधी बघावं. त्यात मॅट काळा (मॅट कागदासाठी) आणि फोटो काळा (बरायटा, ग्लॉसीसाठी) या दोन शायांना स्वतंत्र वाट आहे. जुन्या काही प्रिंटरांत एकच वाट असायची, कागदाची जात बदलली की नळी धुण्यात महागडी शाई वाया जायची. प्रो-१००० यंत्र म्हणून फार सुरेख, पण वजन बत्तीस किलो. तुमचं घर जुन्या वाड्यातलं असेल आणि कामाची खोली माडीवर असेल, तर आधी जिन्याचा विचार करा.

सतरा इंची घ्यावा का? तुमच्या फायलींना विचारा. २०११ चा कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा असेल तर फोटो साधारण ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचा. तेरा बाय एकोणीस इंची कागदावर भोवती पांढरी जागा सोडून सतरा इंच लांब चित्र छापलं, तर इंचाला २५२ ठिपके पडतात. ३०० आदर्श म्हणतात, पण २४० च्या वर असलं की हातभर अंतरावरून कुणाला फरक कळत नाही. तेव्हा तुमचे जुने फोटो या आकारात सुखाने बसतील. एखादाच फोटो मोठा हवा असेल तर तो बाहेरून काढा.

एवढं सगळं सांगून माझा सल्ला असा, की या प्रदर्शनासाठी प्रिंटर घेऊ नका.

पिगमेंट प्रिंटर म्हणजे दुभती गाय, रोज नाही तरी आठवड्याला दोहायलाच लागते. नाहीतर शाई वाळून तोंड बंद होतं. मी एकदा मे महिन्यात तीन आठवडे बाहेर होतो. परत आलो तर फिका निळा आणि राखाडी बंद. साफसफाईच्या फेऱ्यांत जेवढी शाई गेली तेवढ्यात दहाएक प्रिंट निघाल्या असत्या. शिवाय नव्या प्रिंटरसोबतच्या शाईतला बराच भाग पहिल्यांदा नळ्या भरण्यातच जातो, हे दुकानदार सांगत नाही. पहिल्या डझनभर प्रिंट शिकण्यात जातात. तुमच्याकडे फेब्रुवारीपर्यंतचा वेळ आहे, तो निवड आणि फ्रेम यात घालवा. प्रदर्शनानंतरही महिन्याला दहा-बारा प्रिंट काढायची हौस उरली, तर जरूर घ्या. हाताने काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या प्रिंटरचा नाद लागतो, आणि तो चांगला नाद आहे.

तीस प्रिंट पुण्या-मुंबईतल्या एखाद्या फाइन आर्ट प्रिंट स्टुडिओतून काढून घ्या. पाटीवर 'झिक्ले' लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्स या छापखान्यात जॅक ड्युगान यांनी हा फ्रेंच वळणाचा शब्द काढला, कारण 'इंकजेट' म्हटलं की गिऱ्हाइकाला ऑफिसचा प्रिंटर आठवायचा. चांगल्या कागदावरची चांगली इंकजेट प्रिंट, एवढाच त्याचा अर्थ. त्या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका. स्टुडिओत गेल्यावर शाई पिगमेंट आहे का आणि कागद नेमका कोणत्या कंपनीचा, कोणत्या नावाचा, हे विचारा. "इंपोर्टेड कॉटन आहे मॅडम" हे उत्तर नव्हे. त्यांच्या प्रिंटर-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर छटा कशा उतरतात याची छोटी फाइल) मागा, म्हणजे तो कागद तुमच्या स्क्रीनवर आधीच अजमावता येईल. आणि फाइल देताना लिहून द्या : करेक्शन नको. नाहीतर कुणी उत्साही मुलगा तुमची संध्याकाळ उजळून दुपार करून ठेवतो. पूर्ण तीस छापण्याआधी घोंगडीची पट्टी तिथल्या यंत्रावर पुन्हा काढून घ्या, पैसे पडले तरी.

पुढे कधी घरी छापायला लागलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॉटन कागदावर लेप बहुधा एकाच बाजूला असतो. कोणती बाजू ते कळेना झालं, तर कोपऱ्याला ओलसर बोट टेकवायचं. जी बाजू किंचित चिकटते ती छपाईची. आणि छापण्याआधी मऊ ब्रशने कागद झटकायचा. सुताची भुकटी राहिली तर शाई तिच्यावर बसते, नंतर भुकटी गळते आणि काळ्या घोंगडीवर पांढरा ठिपका उरतो, तांदळाच्या कणीएवढा. सगळ्यांची नजर मग तिथेच.

छापून आलेल्या प्रिंट लगेच काचेत कोंडू नका. निदान एक दिवस, मध्ये साधे कोरे कागद घालून, सपाट ठेवा. शाईतला ओलावा आत अडकला तर काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. प्रिंट काचेला टेकताही कामा नये. मध्ये खिडकीसारखा कापलेला माउंट हवा, आम्लरहित पुठ्ठ्याचा. आपल्या हवेत काचेला टेकलेली प्रिंट दोन पावसाळ्यांत चिकटून बसते आणि मग काचेसकट जपावी लागते.

फ्रेमवाल्याकडे स्वतः बसा. तो सवयीने सेलोटेप, फेविकॉल आणि पाठीला जुनं वर्तमानपत्र वापरेल. तिन्ही नकोत, वर्तमानपत्राचं आम्ल कागदात उतरतं. प्रिंट फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगायची, म्हणजे हवेप्रमाणे तिला फुगायला-आकसायला मोकळीक राहते. बिजागरीला गव्हाची खळ लावा. बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, ते मात्र टाकू देऊ नका.

लाखाचा हिशोब मी मांडत नाही, दर तुम्ही तिथेच विचाराल. एवढं सांगतो की तीस फ्रेमांचा खर्च तीस प्रिंटांच्या खर्चाला गाठतो, कधी मागे टाकतो. आधी फ्रेमवाल्याकडून भाव घ्या. उरलेल्यात तीसच्या जागी चोवीस फोटो बसत असतील तर चोवीस लावा.

आजोबांच्या फोटोचं राहिलं. त्यांना बरायटा देऊ नका. तो फोटो तळावर पिशवीत राहणार, दवात भिजणार, दहा हातांतून फिरणार. तुमच्या लॅबवाल्याकडून आठ बाय बाराची प्रिंट काढा आणि मॅट लॅमिनेशन करून घ्या. तो कागद पाण्याला आणि हाताला पुरून उरतो. घोंगडी थोडी हिरवट आली तरी आजोबा काही म्हणणार नाहीत. वाडा घाट उतरायच्या आत नेऊन द्या, नाहीतर पावसाच्या तोंडापर्यंत गाठ पडायची नाही.